सोनें मुशींत जाण्यापूर्वीं

वसमत तालुक्यांतील हळद शिजून, वाळून बाजारांत गेली आणि तिचे पैसे हातीं आले, कीं कुरुंदा व त्याच्या आसपासच्या गांवांतून लग्नाच्या दागिन्यांचीं बोलणीं सुरू होतात. मोठ्या शहरांतल्या झगमगीत पेढीवरून तयार डाग आणणारे आतां पुष्कळ झाले आहेत. परंतु आजीच्या बोरमाळेसारखीच बोरमाळ पाहिजे, झिजलेल्या पाटल्या आटवून मुलीला तोडे करावयाचे आहेत, असें ज्याच्या मनांत असतें, तो अजूनही ओळखीच्या सोनाराच्या ओसरीवर जाऊन बसतो. त्याचें तेथें जाणें आम्हांस सर्वथा योग्य वाटतें. मनाजोगता घाट तेथेंच मिळतो, गळ्याचें माप तेथेंच घेतलें जातें, आणि पांच वर्षांनीं फांसा तुटला तर ज्या हातानें केला तोच हात तो सांधून देतो. आमचा आक्षेप एवढाच, कीं हा गृहस्थ जातांना घरचें सोनें घेऊन जातो आणि परत येतांना त्याच्या खिशांत कागदाचा चिटोराही नसतो.

विचारलें तर उत्तर ठरलेलें: “तो आपल्या घरचा माणूस आहे, त्याच्याकडे चिठ्ठी कशी मागावी?” हाच गृहस्थ हळदीचे दहा कट्टे आडतीवर टाकतो तेव्हां वजनाची पट्टी घेतल्यावांचून तेथून हलत नाहीं, आणि आडत्याही तिचा राग मानीत नाहीं. २०२५ सालीं दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखावर गेला. त्या भावानें एका गुंजेचेच बाराशेंवर रुपये होतात. जुन्या तोळ्याच्या अशा ९६ गुंजा. हळकुंडांना पट्टी आणि सोन्याला केवळ शब्द, हा व्यवहार कोणत्या शहाणपणांत बसतो तें आमच्या व्यापारी वाचकांनींच सांगावें.

काम करून परत देण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या हवालीं वस्तु करणें याला १८७२ च्या करार कायद्यांत निक्षेप म्हटलें आहे. ज्याच्या हातीं वस्तु दिली त्यानें शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी तिची घ्यावी. तितकी घेऊनही ती नष्ट झाली तर, वेगळा ठराव नसल्यास, त्याच्यावर जबाबदारी नाहीं. हें कलम पुस्तकांत निरुपद्रवी दिसतें. पण २०२२ च्या जुलैंत याच कुरुंद्यांत पुराचें पाणी घराघरांत शिरलें, तें ज्यांनीं पाहिलें त्यांनीं क्षणभर विचार करावा. त्या रात्रीं सोनाराच्या पेटींत एखाद्याच्या मुलीचें चार तोळे सोनें अर्धवट घडून पडलें असतें व पाण्याबरोबर गेलें असतें, तर तें बुडालें कोणाचें? ठराव आधीं लिहिलेला असेल तर प्रश्न पांच मिनिटांचा. नसेल तर दोन घरांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें वैर.

मद्रास हायकोर्टापुढील एक खटला १९३८ च्या निकालसंग्रहांत आहे. एका बाईनें जुने दागिने आटवून नवे करण्यास सोनार लाविला. विश्वास पुरता नव्हता, म्हणून रोज सायंकाळीं अपुरें काम ती सोनाराच्याच घरांतील एका पेटींत ठेवी आणि किल्ली स्वतः घेऊन जाई. एके रात्रीं माल चोरीस गेला. न्यायालयानें ठरविलें कीं किल्ली बाईजवळ, म्हणून ताबाही बाईचा. सोनाराकडे निक्षेप उरलाच नव्हता. बाईच्या सावधगिरीनेंच बाईचा दावा बुडाला! अर्धा विश्वास व अर्धा पहारा यांपेक्षां चार ओळींचा स्वच्छ कागद बरा, असें आम्ही म्हणतों तें यासाठींच.

आणि सोन्याच्या बाबतींत कागदाची गरज इतर जिनसांहून अधिक आहे. शिंप्याकडे दिलेलें कापड शिवल्यावरही ओळखतां येतें. पाटली मुशींत उतरली कीं ती कोणाची होती हें ब्रह्मदेवही सांगूं शकणार नाहीं. परवानगीवांचून दुसऱ्याचें सोनें त्यांत मिसळलें व वेगळें करतां येईनासें झालें, तर भरपाई मागण्याचा हक्क कायदा देतो खरा. पण आटणीपूर्वींचें वजन व कस लिहिलेले नसतील तर भरपाई कशाची मागणार?

यांत सर्वांत मोठें नुकसान होतें तें ज्यांना या बोलण्यांत कोणी विचारीतही नाहीं त्या स्त्रियांचें. स्त्रीधनाची संपूर्ण मालकी स्त्रीचीच, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८५ सालीं निःसंदिग्धपणें सांगितलें. तथापि माहेरच्या पाटल्या आटवून सासरीं तोडे झाले, सोनाराशीं बोलणें सासऱ्यानें केलें, मजुरी त्यानेंच दिली. पुढें वितुष्ट आलें म्हणजे हे तोडे माहेरच्या सोन्याचे आहेत हें त्या बिचारीनें कशावरून दाखवावें? तिच्या पाटल्या आतां जगांत नाहींत. चिठ्ठी तिच्या नांवानें असती, तर ती एकच तिची साक्षीदार झाली असती.

सोनार सख्ख्या आईच्याही सोन्यांतून गुंज काढतो, असें आपल्याकडे हंसत हंसत बोलण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो निंद्य वाटतो. एका सबंध धंद्याला चोर ठरविण्याचे परिणाम या देशानें भोगले आहेत. १९६३ च्या जानेवारींत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले व १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. परकीय चलन वांचविण्याचा हेतु असेल, पण देशभर असंख्य सोनारांच्या शेगड्या विझल्या आणि कित्येकांनीं पिढीजाद हातोडी कायमची खालीं ठेविली. ती अट १९६६ सालीं उठली. १९६८ चा कायदा मात्र १९९० पर्यंत मानगुटीवर होता. प्रामाणिक कारागिराला संशयापासून वांचविणारी वस्तुही चिठ्ठीच होय, हें सोनारमंडळींनीं ध्यानांत घ्यावें.

हॉलमार्क आला, आतां चिठ्ठी कशाला, असें कोणी म्हणतील. ती सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें एकेका जिल्ह्यांत लागूं झाली, आणि एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरांकांची ओळखही आवश्यक झाली. पण वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आंत असलेल्या सराफाला तींतून सूट आहे; खेड्यांतला एकटा कारागीर बहुधा या सुटींतच बसतो. शिक्क्यापेक्षां कस कमी निघाल्यास फरकाच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च देवविणारा २०१८ चा नियम शिक्का असलेल्या मालापुरता आहे. शिक्का नसेल तेथें कागदावांचून गत्यंतर नाहीं. शिवाय बिनशिक्क्याचा दागिना मान्यताप्राप्त केंद्रांत कोणासही अल्प फी भरून तपासून घेतां येतो. त्याला सोनारानें हरकत घेऊं नये.

चिठ्ठींत काय असावें? दिलेल्या डागाचें वजन दोघांसमोर, आटणीनंतरचें वजन पुन्हा, कस, म्हणजे २२ कॅरटचा असेल तर हजारांत ९१६, घट किती धरली व घडणावळ किती, हीं वेगवेगळीं, एकांत एक दडवून नव्हे, बोरमाळेच्या मण्यांत लाख भरली असेल तर तिचें वजन सोन्यांतून वजा, देण्याची तारीख, चोरी वा पूर आल्यास जोखीम कोणाची. मजुरी चुकती होईपर्यंत दागिना अडवून ठेवण्याचा सोनाराचा हक्क कायद्यानें मानला आहे. गिऱ्हाइकानें त्यावर रुसूं नये. मजुरी पोंचल्यावर सोनारानें त्याच कागदावर तसें लिहून द्यावें, आणि तो कागद मुलीच्या पेटींत दागिन्याखालीं ठेवावा. सासऱ्याच्या कपाटांत नव्हे.