शाळा आहे, पण शिक्षक?

मे महिन्याच्या अखेरीस बेळगाव शहरातील सरकारी मराठी शाळांची दारे उघडतात, पाटीपुस्तके घेऊन मुले येतात, आणि कितीतरी वर्गांत त्यांच्यासमोर उभा राहतो तो अतिथी शिक्षक. नाव अतिथी, वागणूकही अतिथीसारखीच. वर्षापुरते यावे, मानधनाची वाट पाहावी आणि परीक्षा संपल्या की पिशवी उचलावी. पुढच्या जूनला हेच गुरुजी याच शाळेत असतील, याची खात्री ना त्यांना, ना मुख्याध्यापकांना, ना पोरांना.

अतिथी शिक्षकांवर कन्नड शाळाही चालतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक एवढाच की, कन्नड शाळेतील जागा रिकामी झाली तर ती भरण्यासाठी सारे राज्य मोकळे आहे. मराठी शाळेसाठी शिक्षक मिळायचा तो बेळगाव, खानापूर, निपाणीतून, फार तर कारवार-हल्याळकडून, नाहीतर थेट बिदर-भालकीतून. विहीरच लहान आहे. तिच्यात नवे पाणी आले नाही तर ती आटणार.

हा शहराचा प्रश्न, आमच्या गावची शाळा चालू आहे, असे काही वाचक म्हणतील. पण शहरातील या शाळांत शिकवणारे गुरुजी आणि बाई मोठ्या संख्येने आपल्याच गावांतून गेलेल्या असतात. मुलेही पुष्कळशी आपलीच. बाप उद्यमबागेच्या फौंड्रीत किंवा गवंडीकामावर, आई चार घरची धुणीभांडी करणारी. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कोकणी, कुणाची आजी कन्नडच बोलणारी. अशा वर्गात पुस्तकी मराठीचा एकच साचा घेऊन आलेला शिक्षक पहिल्याच आठवड्यात अडखळतो. तिथे रानातून, गल्लीतून, निरनिराळ्या जातीधर्मांच्या घरांतून आलेली माणसे शिक्षक म्हणून हवीत.

ही मागणी आमची नव्हे. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात ती केली होती. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक एकाच जातीचे आहेत. ते शक्यतो शेतकरीवर्गातून घ्यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित हवा आणि त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा, असा हिशेबही त्यांनी मांडला. बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यातच होता. शिक्षक कोणत्या घरातून यावा, तयार कसा व्हावा आणि टिकावा कसा, हे तिन्ही प्रश्न जोतीरावांनी एकत्र बांधले होते. आपण त्यातला एकेक सुटा करून भाषणे करतो.

तयारीचेच पाहा. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. पुरेसे नाही, प्राथमिक शिक्षणाची पदविकाच, म्हणजे आपल्या बोलीतले डी.एड., हवी असे स्पष्ट केले. शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा आहेच. म्हणजे मराठी शाळेचा उद्याचा शिक्षक एकाच दारातून येणार, आणि त्या दाराकडे आपल्या हुशार मुलामुलींनी पाठ फिरवली आहे. फिरवतील नाही तर काय? दोन वर्षे शिकायचे, परीक्षा द्यायची आणि शेवटी अतिथी म्हणून हजेरी लावायची, यापेक्षा पुण्याची कंपनी बरी वाटते.

जे नोकरीत आहेत त्यांनाही स्वस्थता नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. परंतु सरकारी शाळेतल्या चाळिशीतल्या बाईंनी घर, शाळा आणि जनगणनेसारखी कामे सांभाळून अभ्यास करायचा कधी? त्यांच्यासाठी गावोगावच्या मंडळांनी एखादा रविवारचा वर्ग चालवल्याचे आमच्या तरी कानावर नाही.

पट घसरला की शिक्षक जादा ठरतो, त्याची बदली होते, बदलीमुळे पट आणखी घसरतो. हे चक्र शहरात वेगाने फिरते, कारण दोन गल्ल्या पलीकडे इंग्रजी शाळा उभी असते. पट घसरण्याचे खापर केवळ सरकारवर फोडता येणार नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्या मातीत माणसांनी प्राण दिले, तिथेच मोर्चाला निघणाऱ्या घरासमोर सकाळी इंग्रजी शाळेची गाडी हॉर्न वाजवते. हे लिहिताना आम्हालाही बरे वाटत नाही.

सरकारची जबाबदारी मात्र याने हलकी होत नाही. घटनेचे कलम ३५०-अ १९५६ पासून आहे, आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास ते राज्यालाच नव्हे, स्थानिक संस्थांनाही सांगते. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी ठरवले होते की, शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले त्या भाषेची असली तरी शिक्षक द्यावा. सोय याचा अर्थ केवळ इमारत आणि पाटी नव्हे. कायम, प्रशिक्षित, मराठीतून शिकवणारा शिक्षक नसेल तर सोय आहे असे म्हणणेच खोटे आहे. हा शिक्षक कन्नडही चांगले जाणणारा असावा, यालाही आमचा विरोध नाही. मुलांना याच राज्यात वावरायचे आहे, आणि कार्यालयातून आलेले परिपत्रक न समजणारा मुख्याध्यापक शाळेचे हक्क काय सांभाळणार?

१ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण दरवर्षी जमतो. शाळाही त्याच सुमारास उघडतात. यंदा परतताना प्रत्येक गावच्या माणसांनी आपल्या शाळेच्या एसडीएमसीकडून एक कागद मागून घ्यावा : मंजूर जागा किती, कायम शिक्षक किती, अतिथी किती, आणि त्यांचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत मिळाले. शहरात राहणाऱ्या आपल्या भावाबहिणींनाही त्यांच्या गल्लीतल्या शाळेचा असाच कागद आणायला सांगावे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर निवेदन ठेवताना त्याखाली हे कागद जोडलेले असू द्यात.