हलकी स्की, भारी प्रश्न

हरिश्चंद्रगड तुम्ही नळीच्या वाटेनं चढला असाल, तर हे वेगळं सांगायला नको. सॅकमधली जादा पाण्याची बाटली पहिल्या तासात जाणवत नाही, तिसऱ्या तासात मात्र तीच शिव्या खाते. आणि पाठीवरचं वजन एकवेळ परवडलं, पण बुटांचं नको. ते प्रत्येक पावलाला सोबत ओढावं लागतं.

आता असंच वजन घेऊन बर्फातून चढायचंय, अशी कल्पना करा. पायाला दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या दोन पट्ट्या बांधल्यात आणि समोर हजार मीटरची चढण आहे. स्कीच्या दुनियेत गेल्या काही वर्षांत ‘हलकं, अजून हलकं’ अशी जी शर्यत लागलीय, तिचं मूळ या चढणीत आहे.

नेहमीच्या स्कीइंगमध्ये लिफ्ट तुम्हाला वर नेते, तुम्ही फक्त घसरत खाली येता. स्की टूरिंगमध्ये लिफ्टच नसते. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. मांजराच्या अंगावरून हात फिरवावा तसं तिचं असतं, एका दिशेनं मऊ आणि उलट्या दिशेनं अडणारं. त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असायची, म्हणून तिचं नाव अजून ‘स्किन’च आहे. आता ती मोहेर किंवा नायलॉनची असते. चढताना बुटाची टाच मोकळी राहते. वर पोचलं की स्किन काढायची, टाच लॉक करायची आणि सुटायचं! बुटाचं टोक दोन छोट्या पिनांमध्ये पकडणारं हलकं बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८०च्या दशकात तयार केलं आणि पायावरचा मोठा भार तिथे कमी झाला.

मग आत्ताच एवढी चर्चा का? एक कारण कोविड. २०२०-२१च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये स्की-लिफ्ट बंद राहिल्या आणि बर्फाची ओढ असलेले लोक स्वतःच्या पायांनी चढायला लागले. दुसरं कारण ऑलिम्पिक. फेब्रुवारी २०२६ मध्ये मिलान-कोर्तिनाच्या हिवाळी स्पर्धेत ‘स्की माउंटेनिअरिंग’ पहिल्यांदाच आलं. इटलीतल्या बोर्मिओमध्ये स्प्रिंट आणि मिश्र रिले झाल्या. पण स्प्रिंटची एक फेरी म्हणजे साधारण तीन मिनिटांचा खेळ, तोही आखून दिलेल्या, तपासलेल्या उतारावर. खरं टूरिंग दिवसभराचं असतं आणि तिथला उतार कुणी तपासलेला नसतो. स्क्रीनवर दिसतं ते या खेळाचं सगळ्यात सुरक्षित टोक.

थोडं वजनाचं गणित बघू. शर्यतीची एक स्की साधारण पाऊण किलोची. टूरिंगची एक ते दीड किलोची. फ्रीराइडची, म्हणजे मोकळ्या उतारावर खोल बर्फातून सुसाट उतरायची, रुंद स्की दोन किलोच्या आसपास. वजन कमी करायला आत पॉलोनियासारखं हलकं लाकूड आणि वर कार्बन फायबर वापरतात. पण फुकट काहीच मिळत नाही. कडक, खडबडीत बर्फावर हलकी स्की थरथरते, जड स्की तोच बर्फ कापत जाते. म्हणून बरेच जण मधला, दीड किलोच्या आसपासचा पर्याय घेतात. ‘चढायला पीस, उतरायला रणगाडा’ असं जाहिरातीनं सांगितलं, तर थोडं थांबा. आणि बूट-बाइंडिंगसकट सेट घ्यायचा तर हिशेब सहज लाखाच्या वर जातो.

खरी किंमत मात्र बिलावर नसते. हलकी स्की तुम्हाला अशा जागी पोचवते, जिथे यायला पूर्वी ताकद आणि वर्षांचा अनुभव लागायचा. ताकदीची अट सैल झाली, अनुभवाची झाली नाही.

आपल्या गुलमर्गचंच बघा. गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ पासून अफरवाटवर, जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेतो. तिथून पुढचे मोकळे उतार जगभरच्या फ्रीराइडर्सना खेचतात. १ फेब्रुवारी २०२३ला तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, १९ जणांना वाचवण्यात यश आलं. २२ फेब्रुवारी २०२४ला पुन्हा तेच. एका रशियन स्कीअरचा जीव गेला. त्या गटासोबत स्थानिक माणूस नव्हता, असं तेव्हा समोर आलं.

त्यात बर्फाचं वेळापत्रकही बिघडलंय. जानेवारी २०२४ मधले गुलमर्गच्या कोरड्या उतारांचे फोटो तुम्हीही शेअर केले असतील. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून तिथली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा मार्चपर्यंत पुढे गेली. सुरुवातीचा पातळ बर्फ थंडीत साखरेसारखा दाणेदार, सुटा होतो. त्यावर एकदम जाड थर पडला की तो नीट धरत नाही. वरून सगळं पांढरंशुभ्र, एकसारखंच दिसतं. हे ओळखायला शिकावं लागतं, ते स्कीसोबत बॉक्समध्ये येत नाही.

म्हणून वजन कमी करताना तीन वस्तूंना हात लावू नका: ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा माग देणारं यंत्र, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं. गाडल्या गेलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही. तुम्हाला बाहेर काढणार तो शेजारी उभा असलेला तुमचा मित्र. त्याला फावडं चालवता येतं का, हा प्रश्न स्कीच्या ग्रॅमपेक्षा मोठा आहे.

हे वाचून ‘आपण जायचंच नाही का’ असं वाटलं, तर तसं अजिबात नाही. जा! गुलमर्ग आणि मनालीतल्या सरकारी संस्था स्कीइंगचे कोर्स घेतात, आपल्याकडची बरीच ट्रेकर मंडळी तिथे जाऊन आलीत. आधी तिथे पडायला आणि उठायला शिका. पहिली स्की भाड्यानं घ्या. मोकळ्या उतारावर जायच्या आधी हिमस्खलनाचं प्रशिक्षण घ्या, आणि जाताना तिथला गाइड घ्या.

पावसाळ्यात मोबाइलवरचा ट्रॅक बघत अनोळखी घळीत उतरणारे ग्रुप आपण सह्याद्रीत पाहतोच. वाट हातात असली, की वाट माहीत असल्यासारखं वाटतं. पायातली हलकी स्की नेमका तसाच भास देते. तेव्हा दुकानात ‘हिचं वजन किती?’ विचाराल, तेव्हा सोबत येणाऱ्या मित्रालाही एक विचारा, ‘मी गाडला गेलो तर काय करशील?’ उत्तर यायला वेळ लागला, तर त्या सीझनला ठरलेल्या, तपासलेल्या उतारावरच स्की करा. मजा तिथेही कमी नाही.