राहुकाळाचें कोष्टक आणि साताऱ्याचा सूर्य

शुक्रवारीं साडेदहा ते बारा राहुकाळ, असें भिंतीवरील कोष्टकांत छापलेलें असतें. तेवढ्या आधारावर सांगलीच्या पेठेंत शेतकऱ्याची हळदीची पट्टी अडते, साताऱ्यांत खरेदीखतावरील सही लांबते, आणि क्वचित् रोग्यास दवाखान्यांत नेण्याचेंही खोळंबतें. शास्त्र मानूं नका, असें आज आम्ही म्हणत नाहीं. शास्त्राच्या नांवावर जें पाळलें जातें तें शास्त्राच्या हिशेबास तरी उतरतें काय, एवढेंच आमचें विचारणें आहे.

आपल्या पूर्वजांचा दिवस मध्यरात्रीं नव्हे, सूर्योदयास सुरू होई. एका सूर्योदयापासून दुसऱ्यापर्यंत साठ घटका. घटका म्हणजे २४ मिनिटें, आणि तिचा साठावा भाग तें पळ, म्हणजे २४ सेकंद. तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें घटिकापात्र पाण्यावर सोडीत. तें भरून बुडालें कीं घटका भरली. मात्र ही मोजणी ज्या त्या गांवच्या सूर्योदयापासून करावयाची, हा तिचा प्राण होय.

राहुकाळाचाही हिशेब तसाच आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ भाग करावे. शुक्रवारीं त्यांतील चौथा भाग राहूचा. भिंतीवरील कोष्टक मात्र सूर्य बारमास सहास उगवतो व सहास मावळतो असें धरून चालतें. भारतीय प्रमाणवेळ १९०६ सालापासून ८२॥ अंश रेखांशावरची. सातारा त्याच्या पश्चिमेस, म्हणून येथील मध्यम मध्यान्ह सुमारें ३४ मिनिटें उशिरा होतें. मेअखेर सूर्य येथें सहाच्या सुमारास उगवतो, पण जानेवारीच्या मध्यास सात वाजून सात-आठ मिनिटांनीं. त्या दिवसांत शुक्रवारचा राहुकाळ सव्वाअकरानंतर लागून पाऊणच्या सुमारास संपतो. म्हणजे बारा वाजतां ‘राहुकाळ टळला’ म्हणून जो पेढीवर बसतो, तो ऐन राहुकाळांतच बसतो! इतकी वर्षें असे बसूनही ज्यांचें दिवाळें निघालें नाहीं, त्यांनीं यावरून काय तो बोध घ्यावा.

पंचांग आकाशाशीं जुळलें पाहिजे, हा आग्रह आमच्या प्रांतांत नवा नाहीं. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६५ सालीं त्याच हेतूनें नवें पंचांग सुरू केलें, आणि १९२० सालीं खुद्द सांगलीस याच प्रश्नावर ज्योतिषसंमेलन भरलें. ज्या नगरानें विद्वानांस या कामीं एकत्र बसविलें, तेथील व्यापाऱ्यानें छापील कोष्टकापुढें मान तुकवावी, हें शोभत नाहीं.

प्रत्येक शाळेंत गांवचा सूर्योदय दाखविणारा तक्ता लागावा, व मुलांनीं एकदां तरी घटिकापात्र बुडतांना पाहावें. काळ मोजण्याची विद्या आदरणीय आहे. तिच्या आडून काम टाळणें नव्हे. ज्यास राहुकाळ पाळावयाचा असेल त्यानें तो स्वतःपुरता पाळावा. शेतकऱ्याची पट्टी आणि रोग्याची वाट मात्र अडवूं नये.