रुग्णालयाचें बिल आणि विम्याचा कागद

गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं आमच्या शेजारचे एक गृहस्थ हातांत कागदांची चळत घेऊन माझ्याकडे आले. किराणा मालाचें लहानसें दुकान चालवून त्यांनीं प्रपंच सांभाळला आहे. हिशेबाला माणूस पक्का. म्हणाले, "मास्तर, आयुष्यभर उधारीच्या वह्या जुळविल्या, पण ही एक वजाबाकी कांहीं केल्या उलगडत नाहीं. तुम्हीं तरी पाहा." पत्नीची शस्त्रक्रिया झाली होती. सहा वर्षें न चुकतां विम्याचा हप्ता भरलेला. विमा ३ लाखांचा, बिल २ लाख १० हजारांचें. आणि तरीहि रुग्णालयांतून निघतांना ७५ हजार रुपये पदरचे मोजावे लागले. त्यासाठीं घरांतल्या बांगड्या गहाण पडल्या.

वजाबाकी चुकली नव्हती. पॉलिसीच्या आंतल्या पानावर बारीक अक्षरांत एक कलम होतें कीं, खोलीचें भाडें दररोज विम्याच्या रकमेच्या शेंकडा एक, म्हणजे ३ हजार रुपयांपर्यंतच मिळेल. त्या रात्रीं रुग्णालयांत ६ हजारांची खोली तेवढी रिकामी होती. पांच दिवसांचें भाडें ३० हजार झालें. तेव्हां आपल्या अंगावर १५ हजार पडतील, असें कोणीहि म्हणेल. परंतु खरी मेख पुढेंच आहे. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा इत्यादि १ लाख २० हजारांनाहि तेंच त्रैराशिक लागलें आणि त्यांतील निम्मे, म्हणजे ६० हजार कापले गेले. औषधें, तपासण्या व शरीरांत बसविलेल्या वस्तू ह्यांचे ६० हजार मात्र पूर्ण मिळाले, कारण ह्या बाबींवर अशी कपात करण्यास मनाई आहे. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब पाटीवर मांडून पाहावा. परीक्षेंतील पुष्कळ उदाहरणांपेक्षां तो अधिक उपयोगी पडेल.

हें कलम अगदींच निराधार आहे असें नव्हे. अनेक रुग्णालयांत खोली जितकी महाग तितकी त्याच शस्त्रक्रियेची फी अधिक आकारतात. जेथें असा भेद करीत नाहींत, तेथें विमा कंपनीलाहि ही प्रमाणशीर कपात करतां येत नाहीं. पण मग मूळ प्रश्न असा कीं, रुग्णाच्या खोलीची खिडकी मोठी असली म्हणून शस्त्रवैद्याच्या त्याच हाताचें मोल दुप्पट कां व्हावें? ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मला आजवर कोणीं दिलेलें नाहीं.

विम्याची कल्पना नवी नव्हे. जर्मनींत बिस्मार्कनें १८८३ सालीं कामगारांच्या आजारपणाचा विमा कायद्यानें सुरू केला. आपल्याकडे १९४६ सालीं भोर समितीनें, पैसा नाहीं म्हणून कोणीहि उपचारांवांचून राहूं नये, हें तत्त्व मांडलें. १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. १९८६ सालीं मेडिक्लेम आला. २०१८ पासून आयुष्मान भारत योजना आहे, महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि दोहोंखालीं कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचें संरक्षण मिळतें. ह्या प्रयत्नांचें फळ मुळींच मिळालें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. आपल्या देशांत आरोग्यावर होणाऱ्या खर्चाच्या दर १०० रुपयांपैकीं २०१३-१४ सालीं सुमारें ६४ रुपये लोकांच्या खिशांतून जात. २०२१-२२ सालीं ते सुमारें ३९ झाले. पण हे ३९ रुपये ज्याच्या खिशांतून जातात, तो बहुधा सावकाराच्या दारांतूनच येतो.

माझें म्हणणें असें कीं, आपण विम्याचा विचार फार करतों आणि किंमतीचा फार थोडा. हौदाला खालीं भोंक असतांना वरून घागरी ओतीत राहावें, तसा हा प्रकार आहे. कोणता उपचार हवा हें डॉक्टर ठरवितो, तो रुग्ण घेतो आणि पैसे तिसराच देतो. प्रत्येक सुई, प्रत्येक तपासणी, प्रत्येक दिवस निराळा आकारला जातो. अशा व्यवस्थेंत काटकसर करण्यांत कोणाचेंहि हित नाहीं. बिल वाढतें, म्हणून पुढच्या वर्षीं हप्ता वाढतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील शेंकडा १८ हा कर उठला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु रुग्णालयाचा दर मोकाट असेल तर ही सवलत दोनचार वर्षांत वाढत्या हप्त्यांत विरून जाईल.

दरांना आवर घालतां येतो, ह्याचें उदाहरण घरचेंच आहे. हृदयाच्या रोहिणींत बसविण्याच्या औषधी स्टेंटची छापील किंमत एके काळीं लाखाच्या पुढें असे. फेब्रुवारी २०१७ मध्यें सरकारनें त्यावर सुमारें ३० हजारांची कमाल मर्यादा घातली. आतां स्टेंट मिळणार नाहींत, रुग्ण तडफडतील, अशी हाकाटी त्या वेळीं पुष्कळ झाली. पण स्टेंट मिळत राहिले. मात्र एका वस्तूचा दर बांधला कीं नफा दुसऱ्या बाबींत सरकतो, हेंहि खरें आहे. म्हणून सुट्या बाबींचे नव्हे, तर संपूर्ण उपचाराचे दर ठरले पाहिजेत.

ह्यावर डॉक्टरमंडळींची तक्रार असते, आणि ती कानांआड करण्याजोगी नाहीं. सरकारी योजनांचे दर अपुरे आहेत व पैसे वेळेवर मिळत नाहींत, असें ते म्हणतात. लहान गांवांत कर्ज काढून वीस खाटांचें रुग्णालय चालविणाऱ्या वैद्याला परिचारिकांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. सरकारी मंजुरीची वाट पाहत त्याची चूल पेटत नाहीं. जपानमध्यें सर्व उपचारांचे दर देशभर एकच असतात, आणि रुग्णालयांशीं व विमा संस्थांशीं खल करून ते दर दोन वर्षांनीं नव्यानें ठरतात. आपल्याकडेहि प्रत्यक्ष खर्च मोजून दर ठरवावा, ठराविक काळानें तो तपासावा, आणि पैसे देण्याचा दिवस चुकला तर सरकारनें व्याज भरावें. हें शेवटचें केल्याशिवाय पहिलें मागण्याचा अधिकार सरकारला नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे.

दुसरी उणीव ह्याहून मोठी आहे. आपला विमा बहुतेक खाटेवरच्या रुग्णासाठीं आहे. मधुमेह किंवा रक्तदाब जडलेल्या माणसाला रोजची गोळी स्वतःच घ्यावी लागते. ती परवडेनाशी होऊन बंद पडली, आणि पुढें मूत्रपिंडें निकामी झालीं, म्हणजे मग विमा धांवून येतो! गोळीचा खर्च थोडका, पुढचा खर्च अफाट. तामिळनाडूनें १९९४ सालीं औषधखरेदीसाठीं स्वतंत्र महामंडळ काढलें आणि घाऊक निविदांनीं स्वस्त घेतलेलीं औषधें सरकारी दवाखान्यांतून फुकट पुरविलीं. महाराष्ट्रानें अशा प्राधिकरणाचा कायदा २०२३ सालीं केला; म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनीं. झालेला उशीर भरून काढावयाचा तर तालुक्याच्या दवाखान्यांत ह्या गोळ्या बारमाही मिळाल्या पाहिजेत. "औषध संपलें आहे, बाहेरून आणा," हे शब्द ज्यानें ऐकले आहेत, त्याला ह्याहून अधिक सांगावयास नको.

पालकांसाठीं थोडेंसें. महाराष्ट्रांत २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयानें दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागीं लावली पाहिजे. तें पाहण्यास संकोच कसला? पूर्वीचा आजार विमा घेतांना लपवूं नये. त्यासाठींचा प्रतीक्षाकाल आतां तीन वर्षांहून अधिक असूं शकत नाहीं. विमा कंपनीनें दाद दिली नाहीं तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करतां येते. घरांत सत्तर वर्षांवरील आजीआजोबा असतील, तर उत्पन्न कितीहि असो, ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना आयुष्मान योजनेचें संरक्षण आहे.

आमच्या शेजाऱ्यांचे ७५ हजार परत मिळाले नाहींत; कलम कलम होतें. मात्र पॉलिसीबरोबर तिच्या अटींचें एक सोपें माहितीपत्रक आतां कंपनीला द्यावें लागतें आणि मागितल्यास तें आपल्या भाषेंत मिळतें, असें मीं त्यांना सांगितलें. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेंत नववीला आहे. त्यानें स्वतःच्या हातानें अर्ज लिहून तें मराठींतून मागविलें. परवां तें टपालानें आलें. येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर बापलेक तें घेऊन माझ्याकडे यावयाचे आहेत, आणि खोलीभाड्याचें कलम कोणत्या पानावर आहे तें मुलानें आधींच शोधून ठेवलें आहे.