उरलेले बायकांना विचारा

दिवाळीचे डबे रिकामे होत आले, की घरोघर तुळशीच्या लग्नाची गडबड सुरू होते. आणि तुळशीचे लग्न लागले, की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. मग पंचांगे निघतात, याद्या होतात आणि ऐन विधीत गुरुजी मान वर करून विचारतात, "गोत्र? सूत्र?" गोत्र बहुतेकांना सांगता येते. सूत्रापाशी मात्र भले भले यजमान अडतात आणि बायकोकडे पाहू लागतात.

मी अडलो नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात "आश्वलायन" असे खणखणीत उत्तर देऊन मी सभोवार पाहून घेतले. त्याच लग्नात आमच्या म्हाताऱ्या आत्याने मुलीला हळद लावताना एक जुने गाणे सुरू केले. कार्यालयाची वेळ भरत आली होती. मी म्हणालो, "राहू दे आत्या, हे काही शास्त्रात नाही." आत्या गप्प बसली. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. तिच्याबरोबर ते गाणेही गेले, कारण घरात दुसऱ्या कुणालाही ते येत नव्हते.

आता सूत्र म्हणजे काय, ते आधी पाहू. सूत्र म्हणजे साधा दोरा. फुले वेगवेगळी असतात, दोरा त्यांना एकत्र ठेवतो. ज्या काळी सारी विद्या तोंडपाठ ठेवावी लागे, त्या काळी आपल्या पूर्वजांनी मोठमोठी शास्त्रे अशा लहान लहान वाक्यांच्या दोऱ्यात ओवली. पाणिनीने सबंध संस्कृत भाषेचे व्याकरण आठ अध्यायांत, सुमारे चार हजार सूत्रांत बसवले. पतंजलीची योगसूत्रे तर दोनशेसुद्धा भरत नाहीत. शब्द वाचवण्याची त्या मंडळींना एवढी हौस, की अर्धी मात्रा कमी झाली तर वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, असे विनोदाने म्हटले जाई. अर्थात इतके आटवल्यावर ते एकट्याने वाचून कळत नाही. म्हणून सूत्रामागे भाष्य आले, आणि भाष्यामागे समजावून देणारा गुरू आला.

गुरुजी लग्नात विचारतात ते सूत्र याच घराण्यातले. यज्ञाची श्रौतसूत्रे, वेदी मोजण्याच्या दोरीची शुल्बसूत्रे, आचाराची धर्मसूत्रे आणि घरातल्या संस्कारांची गृह्यसूत्रे, अशी ही भावंडे. बारसे, मुंज, लग्न हा सारा गृह्यसूत्रांचा प्रांत. आमचे आश्वलायन त्यांतलेच.

आत्या गेल्यावर मी ते गृह्यसूत्र, इतक्या वर्षांत प्रथमच, उघडून वाचले. विवाहाच्या प्रकरणाशी आलो आणि मला घाम फुटला. आश्वलायन आरंभीच सांगतो, की देशोदेशीचे आणि गावोगावचे रिवाज नाना तऱ्हांचे असतात आणि लग्नात ते पाळावेत. आम्ही सांगणार ते फक्त सगळीकडे सारखे असलेले. आपस्तंब त्याच्याही पुढे जातो. त्याचे गृह्यसूत्र म्हणते, लग्नातले रीतिरिवाज स्त्रियांकडून समजून घ्यावेत. त्याच्या धर्मसूत्राच्या अखेरीस तर, उरलेले धर्म स्त्रियांकडून आणि सर्व वर्णांच्या लोकांकडून शिकावेत, असे काहींचे मत नोंदवले आहे. ज्या शास्त्राचे नाव घेऊन मी आत्याला गप्प केले, ते शास्त्रच मला सांगत होते, की बाबा रे, आत्याला विचार!

ही गोष्ट मनाला लागून राहिली असतानाच जासईहून लग्नाचे बोलावणे आले. जासई हे पनवेलहून उरणला जाताना लागणारे आगरी वस्तीचे गाव. नोकरीतल्या एका जुन्या स्नेह्याची मुलगी होती. आगरी-कोळी समाजात लग्नाचे विधी परंपरेने धवलारीण चालवते. ही बाई पोथी उघडत नाही. देवांना बोलावणे, हळद, मांडव, एकेका प्रसंगाचा धवला ती गाते, आणि गाता गाता विधी पुढे सरकतो. त्या मांडवात भटजीही होते. त्यांचे झाले की ते थांबत आणि बाईंचे सुरू होई. दोघांत कुठेही तंटा नव्हता. सारखे ते एकाने सांगावे, गावचे ते दुसरीने सांगावे. आश्वलायनाने घातलेली वाटणी, त्याचे नावही न घेता, तिथे बिनबोभाट चालली होती.

धवला हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतात त्या महदंबेने तेराव्या शतकात रुक्मिणीच्या लग्नाचे धवळेच रचले. ती महानुभाव पंथाची. त्याच पंथात केशिराजबासांनी चक्रधरस्वामींच्या वचनांचा सूत्रपाठ सिद्ध केला, तोही मराठीत. हे केशिराज संस्कृत पंडित. पण त्यांनी संस्कृतात ग्रंथ रचू म्हटले तेव्हा नागदेवाचार्यांनी अडवले, कारण त्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. सातशे वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांची एवढी चिंता वाहणारा आचार्य होता, आणि मी एका म्हातारीला कार्यालयाच्या घड्याळासाठी गप्प बसवले!

जासईच्या त्या बाईंना मी विचारले, तुमच्यामागे हे कोण म्हणणार? त्यांनी आपल्या सुनेकडे पाहिले, सुनेने मांडवाबाहेरच्या कर्ण्याकडे पाहिले. तिथे हळदीच्या नाचाची तयारी चालली होती. नाचाला माझी हरकत नाही. पण या गावाने पुष्कळ गमावले आहे. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी इथल्या शेतजमिनी संपादनात निघाल्या. याच गावी जन्मलेल्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे सूत्र ठरले. जमिनीचे सूत्र मांडता येते. गेलेल्या गाण्याचे किती टक्के कोण परत देणार?

सुनेला मी एवढेच म्हटले, "वहिनी, रोज एक शिकून घ्या." ती हसली. शिकेल की नाही, देव जाणे.

तुमच्या घरात, वाचकहो, अजून कुणी आत्या, आजी, मावशी असेल. या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन तिच्यापाशी बसा आणि तिच्या लग्नात बायका काय म्हणत होत्या, ते विचारा. ती "मेलं, आता कुठलं आठवतंय" म्हणेल. म्हणू द्या. थोडे थांबा, पहिली ओळ निघाली की दुसरी मागोमाग येते. आणि कुणी म्हणालेच, हे कुठल्या शास्त्रात आहे, तर बेधडक सांगा, गृह्यसूत्रात.