बालवयातील मुखदूषिका : मृदु उपचाराचा आग्रह

‘तारुण्यपिटिका’ हे नाव काहीसे फसवे आहे. हा व्याधी तारुण्यात होतो असे गृहीत धरून आपण शिकलो. प्रत्यक्षात नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आई दवाखान्यात येते, तेव्हा नेमके काय द्यावे याचा संभ्रम पडतो. कपाळावर केसांच्या रेषेलगत बंद तोंडाचे बारीक, पांढुरके दाणे आणि नाकावर काळी टोके, एवढेच बहुधा दिसते. लाली, पू, वेदना यांपैकी काही नसते. मूल स्वतः तक्रार करीत नाही. तक्रार असते ती आईची, मावशीची, आणि आमच्या रावेर भागात लग्नसराई जवळ आली असेल तर साऱ्या घराची. “आखाजीच्या आत चेहरा स्वच्छ करून द्या,” अशी मुदतच वैद्याला दिली जाते. पुढचे बहुतेक अनर्थ या मुदतीपायी घडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सात ते बारा या वयात असे दाणे येणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या आणि तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने पुरस्कारलेल्या शिफारशींत हे स्पष्ट नमूद आहे. वयात येण्याची ही पहिली खूणही असू शकते. मात्र एक ते सात या वयातील मुरुम हा वेगळा प्रश्न आहे. तेथे, किंवा मुरुमांबरोबर अकाली लव, शरीरगंध वा उंचीची असाधारण वाढ दिसत असेल तर लेपाचा विचार बाजूला ठेवून मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

सुश्रुताचार्यांनी मुखदूषिकेची गणना क्षुद्ररोगांत केली, कफ, वात व रक्त ही कारणे सांगितली आणि शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिली. सातपुड्याच्या पायथ्याशी काटेसावर पाहिलेल्या आपल्या व्यवसायबंधूंना ती उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु बालकाचे दाणे अजून काटा झालेले नसतात, हेच लक्षात घ्यावयाचे आहे. चिकित्सास्थानात या व्याधीवर वमन व दोन लेप येतात. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात बालकांना अग्नी, क्षार व विरेचन टाळावे आणि तत्साध्य विकारांतही मृदु क्रिया हळूहळू करावी, असा आदेश आहे. एक वचन वाचून दुसरे सोडून देणे हे शास्त्राला धरून नव्हे. दहा वर्षांच्या मुलास मुरुमांसाठी वमन देऊ नये.

मग द्यावे काय? फार थोडे. सकाळी व संध्याकाळी साध्या पाण्याने आणि सौम्य, सुगंधरहित साबणाने चेहरा धुणे, तोही न घासता. बोअरचे पाणी जड असेल तर फेस येत नाही, मग मुले साबण वाढवितात आणि त्वचा खरखरीत होते. अशा घरी पिण्याचे पाणी चेहऱ्यापुरते वापरण्यास सांगावे. त्वचा कोरडी पडत असल्यास हलके, तैलविरहित मलम पातळसे लावावे. वैशाखात आपल्या जिल्ह्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा टोपी किंवा रुमाल हाच उत्तम उपचार. लिंबू, खाण्याचा सोडा व टूथपेस्ट यांना सक्त मनाई असावी. लिंबाचा रस लावून मूल उन्हात गेले तर त्वचेवर भाजल्यासारखे डाग उमटतात.

केसांच्या तेलाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपणच घरोघरी त्याचा प्रचार केलेला असतो. सकाळी मुलीला चपचपीत तेल घालून दोन वेण्या बांधतात, ते तेल उन्हात कपाळावर उतरते, आणि तेथेच दाणे येतात. कपाळापुरतेच व केसांच्या कडेलाच दाणे असतील तर पहिला संशय तेलावर घ्यावा. तेल बंद करण्याचे कारण नाही. आठवड्यातून दोनदा, न्हाण्यापूर्वी तासभर लावून धुऊन टाकावे. शाळेत जाताना कपाळ कोरडे असावे. एवढ्या बदलाने काही आठवड्यांत पुष्कळ फरक पडतो, आणि यात विकण्यासारखे काहीच नसल्याने हा सल्ला सहसा कोणी देत नाही. हाच न्याय कुंकुमादी तेलास लावावा. व्यंग, नीलिका यांत त्याचे स्थान आहे, पण दाण्यांनी भरलेल्या बालकाच्या कपाळावर ते चोळू नये.

लेप द्यावयाचाच असेल तर सुश्रुतोक्त दोन लेपांपैकी सर्षप व सैंधव असलेला तीक्ष्ण लेप मुलांसाठी सोडावा. धने, वचा, लोध्र व कुष्ठ यांचा दुसरा लेपही वचेचे प्रमाण कमी करून आणि प्रथम कानामागे लावून पाहून मगच द्यावा. लेप रात्री लावू नये आणि अंगावर सुकू देऊ नये. वाग्भटाचार्यांच्या मते सुकलेला लेप कांती बिघडवितो, म्हणून तो ओला करून काढावा. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींनी याच्या उलट सवय लावली आहे. लेप तडकेपर्यंत ठेवायचा आणि खरवडून काढायचा! आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटे, हे प्रमाण बालकास पुरते.

पथ्याबाबत एक गोष्ट. चरकसंहितेत दुधाबरोबर वर्ज्य पदार्थांच्या यादीत ‘मोच’ आहे, म्हणून काही वैद्य रावेरच्या मुलाला केळेच बंद करतात. ज्या तालुक्यात केळी हे अन्नही आहे आणि उत्पन्नही, तेथे असे पथ्य पाळले जात नाही, शिवाय वैद्याचा शब्द हलका होतो. शिकरण टाळा, केळे खुशाल खा, असे सांगावे. बंद पाकिटातील गोड व तळलेले खाणे आणि शीतपेये कमी करण्यावर भर द्यावा.

आता मूळ दुखण्याकडे वळू. आखाजीची मुदत पाळणारी एकच वस्तू बाजारात आहे, ती म्हणजे स्टेरॉइडमिश्रित क्रीम. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो आणि घरचे खूश होतात. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, क्रीम थांबविताच आग होते व मुरुम दुप्पट येतात, म्हणून ते थांबविताच येत नाही. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइडांची बाह्य उपयोगाची औषधे परिशिष्ट ‘एच’मध्ये आणली, चिठ्ठीविना ती विकणे बेकायदेशीर आहे. नियम झाला, पण ‘गोरेपणाचे क्रीम’ म्हणून ट्यूब मागण्याची आणि देण्याची सवय गेलेली नाही.

दुसरा धोका पाऱ्याचा. अकोला आपल्यापासून भुसावळमार्गे काही तासांवर. तेथील एका कुटुंबातील तिघींना स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीममुळे वृक्कविकार जडल्याचे २०२३ साली उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा आढळला. केरळात कोट्टक्कल येथील वृक्कतज्ज्ञांनीही याच सुमारास गोरेपणाची क्रीमे व वृक्कविकार यांचा संबंध दाखविला. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत नकळत राहणारा पारादेखील दशलक्षात एक भागापेक्षा अधिक असता कामा नये.

या बातम्या वाचून आपण ‘ते बाजारू क्रीम, आमचे नव्हे’ असे म्हणून मोकळे होतो. हे पुरेसे नाही. लेबल नसलेली, ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून डबीतून विकली जाणारी मलमे आपल्याच काही औषधालयांच्या फळीवर असतात. आरोग्यवर्धिनी हा कज्जलीयुक्त कल्प त्वचाविकार म्हटला की हातात येतो. योग्य रुग्णात तो उत्तमच आहे, परंतु परिशिष्ट ‘ई-१’मधील द्रव्ये असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना कायद्यानेच छापावी लागते. मुलाच्या चार दाण्यांसाठी तो गल्ल्यावरून द्यावा, यास शास्त्राचा आधार नाही आणि कायद्याचाही नाही.

यावर काही व्यवसायबंधूंचा आक्षेप ठाऊक आहे. नुसते ‘चेहरा धुवा, तेल कमी करा’ सांगितले तर रुग्ण समोरच्या दुकानात जाईल. काही जातील, हे खरे. परंतु मुलीचे आई-वडील मुदत मागतात ती वैद्याने आधीच वेगळी मुदत सांगितली नाही म्हणून. चिठ्ठीवर आठ आठवडे लिहावेत, मधल्या काळात काही नवे दाणे येतील हेही सांगून ठेवावे, आणि चौथ्या आठवड्यास विनाशुल्क बोलवावे. वाट पाहण्याचे कारण कळले की आया वाट पाहतात. आठ आठवड्यांनंतरही दाणे वाढत असतील, दुखरे होत असतील वा खड्डे राहू लागले असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. अडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड ही औषधे त्यांच्या देखरेखीखाली लहान वयातही वापरली जातात. ती स्टेरॉइडे नव्हेत, हे पालकांना आपणही सांगू शकतो.

औषधालयचालक सभासदांना दोन विनंत्या. बारा वर्षांखालील मुलाच्या चेहऱ्यासाठी कोणी क्रीम मागितले तर चिठ्ठी पाहिल्याखेरीज देऊ नये, मग ते कोणत्याही पद्धतीचे असो. आणि उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक व घटकद्रव्ये छापलेली नाहीत अशी डबी विक्रेता घेऊन आला, तर ती नुसती परत करू नये. जळगाव येथील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयास तिची लेखी माहिती द्यावी.