अठ्ठावीस दिवसांची शिल्लक

मागच्या महिन्यात लातूरचे एक बांधव रात्री आमच्याकडे नांदेडला आले आणि त्यांनी पासबुक पुढे ठेवले. मुलीला इंग्लंडात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला, पण व्हिसा नामंजूर. सोयऱ्याधायऱ्यांनी शिक्षणासाठी दिलेली रक्कम अर्जाच्या दोन दिवस आधी खात्यात भरली होती. एजंट म्हणाला होता, "अर्जाच्या दिवशी शिल्लक दिसली म्हणजे झालं!" त्याने आपली फी मात्र आधीच घेतली होती.

आम्ही पडलो कारकून, कागद वाचायची खोड. तिकडचा नियम असा की, उरलेली फी आणि राहण्याचा जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा खर्च सलग २८ दिवस खात्यात पाहिजे. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खाते मुलीचे चालते, आईवडिलांचे चालते, मामा-काकाचे नाही. आईवडिलांचे असेल तर संमतीपत्र आणि मुलीचा जन्मदाखला लागतो. आपले घोडे अडते ते इथेच. जन्मदाखल्यावर एक नाव, टी.सी.वर गुरुजींनी लिहिलेले दुसरे, पासपोर्टवर तिसरेच! हे निस्तरायला महिने जातात. पोरगी पदवीच्या पहिल्या वर्षाला असतानाच सगळे दाखले एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहा.

सरकारने पूर्ण खर्च उचलल्याचे पत्र असेल तर शिल्लक दाखवावी लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठीच आहे. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. ती नाही मिळाली तर मुलीच्या नावावरचे बँकेचे शैक्षणिक कर्ज. त्याच्या मंजुरीपत्रालाही २८ दिवसांची अट नाही.

पैशापायी खुद्द बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, कारण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले.

नामंजूर अर्जाला जोडलेले विद्यापीठाचे पत्र दुसऱ्यांदा चालत नाही, म्हणून मुलीने नवे मागवले आहे. रक्कम आता आईच्या खात्यात आहे. आज एकोणिसावा दिवस. परवा बांधवांचा फोन आला होता. घरात किराण्यालाही त्या खात्याला हात लावत नाहीत, पासबुक कपाटात कुलपात आहे, आणि किल्ली मुलीच्या आजीकडे.